षष्ठीची साक्ष

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच: आदिस्लाव्ह, म्हणजे रशियनसारख्या स्लाव्ह भाषांची मूळ भाषा, तिच्यातली एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही, मग तिच्यातला शब्द तुम्ही विभक्तींत चालवून कसा दाखवता?

आकाशाचा शब्द घेऊ, 'नेबो'. रशियनमध्ये आजही नेबोच. शेजारी आपलं 'नभ' ठेवलं की ऐकणारे खूश होतात, पण माझं तेवढ्याने समाधान होत नाही. नुसतं उच्चारसाम्य फसवतं. लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'थेओस' या दोन्हींचा अर्थ देव, तरी मूळ वेगळं. आपल्या 'देव'शी नातं फक्त देउसचं.

खरी साक्ष देते ती षष्ठी. शाळेत मनस्, पयस् चालवले असतील, तसाच नभस्: नभः, नभसः, नभसि. आता नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या भावांनी ज्या प्राचीन स्लाव्ह भाषेत शुभवर्तमानं आणली, ती पाहा. प्रथमा नेबो, पण षष्ठी नेबेसे, चतुर्थी नेबेसि, अनेकवचन नेबेसा. हा 'स' तिथे नव्याने उगवायला काही कारणच नाही. तो मूळचा आहे. आदिस्लाव्हमध्ये शब्दान्तीची व्यंजनं गळाली, म्हणून प्रथमेत तो गेला. बाकी ठिकाणी पुढे स्वर होता म्हणून वाचला. (पुल्लिंगी शब्दांत शेवटच्या अशाच '-ओस्'चा अगदी ऱ्हस्व उकार झाला, मग इथे 'ओ' कसा राहिला, यावर अभ्यासकांचा वाद आहे.)

ग्रीकमध्ये बरोबर उलट घडलं. 'नेफोस' म्हणजे ढग, त्याची षष्ठी 'नेफेओस'. टोकाचा स टिकला, दोन स्वरांमधला गेला. स्लाव्हने टोक गमावलं, ग्रीकने मध्य. दोन्ही जागा भरून काढल्या की जो शब्द उभा राहतो, त्याच साच्यात नभस् चपखल बसतो. हे मला दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं. आजच्या रशियनमध्ये षष्ठी 'नेबा' झाली, स निसटला. अनेकवचनात मात्र 'नेबेसा' अजून आहे.

अशा तुलनेतून पुन्हा उभ्या केलेल्या, म्हणजे पुनर्रचित, रूपापुढे आम्ही भाषाभ्यासक तारा (*) काढतो, तो ते लेखी सापडलेलं नाही हे सांगायला. पण सगळ्या ताऱ्यांची खात्री सारखी नसते. षष्ठी एकवचन मी छातीठोकपणे लिहिते. सप्तमी अनेकवचनात जुन्या हस्तलिखितांतच एकाहून जास्त रूपं आढळतात, म्हणून तिथे मी पर्यायही देते.