तेर्झा कातेगोरियात खेळायचं तर आधी ईसीजी

इटलीत फुटबॉलच्या नऊ पायऱ्या आहेत. सेरी आ, बी आणि सी इथवर व्यावसायिक खेळ. त्याखाली सेरी डी, एच्चेल्लेंझा, प्रोमोत्सिओने, प्रीमा, सेकोंदा आणि अगदी तळाला तेर्झा कातेगोरिया. मी या तळाच्या पायरीवर खेळतो, बेर्गामोजवळच्या एका गावाच्या क्लबकडून, बचावफळीच्या पुढ्यात. त्या जागेला इथं मेदियानो म्हणतात. पोटापाण्याला कारखान्यातली नोकरी. मूळचा कोल्हापूरचा, पेठेच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलेला, त्यामुळं परदेशात आलो म्हणून बूट खुंटीला टांगणं शक्यच नव्हतं. शिकायला, नोकरीला इकडं येणारी आपली पोरं नोंदणीचं कसं करायचं असं विचारत असतात, म्हणून हे लिहितोय.

प्रशिक्षकाला इथं सगळे 'मिस्टर' म्हणतात. आमच्या मिस्टरांनी सरावात माझा खेळ पाहिला, खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं, कागद झाल्याशिवाय सामना नाही. कागदांचं सगळं क्लबचे सचिव बघतात. निवृत्त गृहस्थ, एक युरो न घेता संध्याकाळ क्लबच्या खोलीत काढणारे. पासपोर्ट, पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो म्हणजे राहण्याचा परवाना, नगरपालिकेचा रहिवासी दाखला आणि आजवर दुसऱ्या देशाच्या फुटबॉल महासंघाकडं नोंदणी होती का याचं स्वतःच्या सहीचं निवेदन, एवढं त्यांनी मागितलं.

त्या निवेदनापाशी एका सहखेळाडूनं सुचवलं, "नाही म्हणून टाक, लवकर सुटशील." मी 'होय' लिहिलं. खोट्या निवेदनावर सही करून मैदानात उतरायचं नव्हतं, आणि पेठेच्या संघात घालवलेली वर्षं कागदावरून पुसायचीही नव्हती. 'होय' म्हटल्यावर आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला लागतो. इटलीचा महासंघ तो भारतीय महासंघाकडं मागतो. २०२० पासून हौशी खेळाडूंची बदलीही फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच होते. माझ्या बाबतीत नावाच्या स्पेलिंगवरून घोडं अडलं. जुन्या नोंदीत वडिलांचं नाव होतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात. म्हणून सांगतो, निघण्याआधी आपली भारतातली नोंद आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा.

पण मला खरं बोलायचंय ते वैद्यकीय तपासणीबद्दल.

इटलीत स्पर्धात्मक फुटबॉल खेळायचं तर क्रीडावैद्यकाचं प्रमाणपत्र कायद्यानं सक्तीचं आहे. १९८२च्या आदेशात कोणत्या खेळाला कोणत्या तपासण्या हे ठरवून दिलंय. सेरी आ मधल्यांना याहून जास्त तपासण्या असतात, पण तळाच्या पायरीवरही सुटका नाही. लघवीची तपासणी, फुप्फुसांची क्षमता, पडून काढलेला ईसीजी. मग एका लाकडी पायरीवर तीन मिनिटं ठेक्यात चढ-उतर आणि लगेच पुन्हा ईसीजी. डॉक्टरबाईंनी घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालाय का, खेळताना कधी भोवळ आली होती का, हे खोदून खोदून विचारलं. अठराच्या आतल्यांना ही तपासणी फुकट, आम्हाला पैसे पडतात. प्रमाणपत्र वर्षभर चालतं.

त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. "ईसीजी कशाला काढायलास? छातीत काय हुतंय का तुझ्या?" काही होत नसतानाच काढायचा असतो, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. तिचं तरी काय चुकलं? कोल्हापुरात मी इतकी वर्षं भर उन्हात खेळलो, गुडघे-घोटे सगळ्यांनी पाहिले, छातीला नळी कुणी लावली नाही.

बेर्गामोत या विषयावर कुणी थट्टा करत नाही. पिएरमारिओ मोरोसिनी इथलाच. आतालांता या बेर्गामोच्या क्लबच्या युवा संघात घडला, उदिनेसेकडून थोडा काळ सेरी आ पाहिली, पण पुढची कारकीर्द मुख्यतः सेरी बी मध्ये गेली. बोलोन्या, विचेन्झा, रेज्जिना, पादोव्हा, लिव्होर्नो. मधल्या फळीतला गडी, दर हंगामात नवं गाव. आईवडील लवकर गेलेले. १४ एप्रिल २०१२ ला पेस्कारात, सामन्याच्या ३१व्या मिनिटाला तो कोसळला. वय २५. हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार निघाला, तोही शवविच्छेदनात.

म्हणजे नियमानं तपासण्या होऊनही त्याचा आजार नजरेतून सुटला. मग तपासणीचा उपयोग काय? हे मी डॉक्टरबाईंना थेट विचारलं. त्यांनी व्हेनेतो प्रांतातला अभ्यास सांगितला. सक्तीची तपासणी आल्यावर तरुण खेळाडूंचे असे अचानक मृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आले. चाळणीतून एखादा सुटतो, म्हणून मैदानावर डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके पुन्हा सुरळीत करणारं यंत्र, हवा, असं त्या म्हणाल्या. पेस्कारात तो होता, पण वापरला गेला नाही. २०१३च्या सरकारी आदेशानं हौशी क्लबांनाही तो सक्तीचा केला, प्रत्यक्ष अंमल व्हायला २०१७ उजाडलं. आमच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर तो भिंतीवर आहे, आणि तो चालवायला शिकलेला माणूस सामन्याला हजर असतो. सचिवांनी मलाही ते प्रशिक्षण घ्यायला लावलं.

दाखला दिल्लीहून आला, रोममधून मंजुरी आली आणि मी रविवारी दुपारी उतरलो. आमच्या पायरीवर पंच एकटाच असतो, रेषेवर झेंडा घेऊन दोन्ही क्लबांचा एकेक माणूस. पंचानं यादीतलं नाव वाचताना अडखळून माझ्याकडं पाहिलं, मी हात वर केला. बाहेरच्या देशातल्या खेळाडूची नोंदणी ३० जूनला संपते, पुढच्या हंगामाला कागद पुन्हा. त्याचं मला ओझं वाटत नाही.

गेल्या सुट्टीत पेठेतल्या संघाच्या कारभाऱ्यांपुढं हे सगळं मांडलं. हंगामाआधी प्रत्येक पोराचा ईसीजी आणि मैदानावर एक डिफिब्रिलेटर. ओळखीचे एक हृदयरोगतज्ज्ञ ईसीजी वाचून द्यायला तयार आहेत. यंत्रासाठी वर्गणी काढायचं ठरलंय, इथल्या सहखेळाडूंनीही त्यात पैसे घातलेत.