छे छे, माझं लग्न झालंय

रात्रीचे साडेअकरा. पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत आणि डोक्यात दुपारचं माझंच एक वाक्य. ‘छे छे, माझं लग्न झालंय, दोन मुलं आहेत.’

मुलांचं कोणी विचारलं होतं?

स. आणि प्र. या जोडप्याचं खातं उघडायचं होतं. प्र. स्कूटर लावायला मागे राहिला, म्हणून बँकेत काउंटरवर स. आणि मी दोघंच. कारकुनानं फॉर्मवरची दोन नावं वाचली, आमच्याकडे पाहिलं. “संयुक्त खातं तुमच्या दोघांचंच का?” आवाजात खोच नव्हती. दहा वेळा आठवून पाहिलं, नव्हतीच. आणि मी अंगावर झुरळ पडावं तसा एक पाऊल बाजूला सरकलो. चांगलं हातभर. पाय आपोआप सरकला, त्याला मी काय करू?

स. काही बोलला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्रकाची प्रत काढून शांतपणे पुढे केली. अर्थमंत्रालयाचं, २८ ऑगस्ट २०२४ चं. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं त्यात आहे. खरं तर संयुक्त खात्याला नातं लागतंच कुठे? भावाभावांचं असतं, भागीदारांचं असतं. पण या दोघांना खिशात कागद घेऊन फिरावं लागतं. तो कागद मीच शोधून, छापून दिला होता. हे लिहिताना जरा बरं वाटतंय, म्हणजे बघा.

घरी आल्यावर आधी रागच आला. रजा टाकली, भर पावसात हर्णैहून दापोली गाठली, वाडीतल्या लोकांच्या नजरा झेलतो, आणि वर चहा पिताना स. हसत म्हणतो, “अरे, मुलांना कशाला आणलंस मध्ये?” एवढं करून हे! हिला सांगितलं. ही वांगी चिरत होती. म्हणाली, “पण तुम्हाला विचारलं काय होतं?”

खातं तुमचं का, एवढंच. ‘नाही, यांचं आणि ते येतायत त्यांचं’ म्हटलं असतं तर भागलं असतं.

शाळेत स.ला ज्या नावानं हाका मारायचे, त्या हाकांत माझा आवाज... असो.

या भागातल्या माणसांचा मला मोठा अभिमान. र. धों. कर्वे मुरुडचे, बाबासाहेबांचं आंबडवे पलीकडे मंडणगडात. १९३४ साली कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून, आणि त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. हरले, कर्व्यांना दंड झाला. गेल्या वर्षी वाचनालयात यावर मी चाळीस मिनिटं बोललो होतो. टाळ्याही पडल्या. ‘मिलॉर्ड, माझं लग्न झालंय’ म्हणून बाबासाहेबांनी सुरुवात केली असेल, असं काही वाटत नाही.

आणि मी ढाल म्हणून शब्द काढला तो कुठला? लग्न. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल आला तेव्हा स. आमच्या पडवीत मखराला रंग देत होता. मोबाइल बघून ब्रश तसाच हातात धरून बसला, सगळा रंग जमिनीवर. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाच्या हक्काचा निकाल विरुद्ध गेला. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. का नाही केला, ते आज नको. तर आम्हा तिघांपैकी ‘माझं लग्न झालंय’ म्हणता येणारा मी एकटाच. आणि मी ते म्हणून घेतलं!

बरं, माफी मागावी तर स. आणखी हसणार. पडवीत तो डाग अजून आहे, ही घासून थकली.

आत्ता मेसेज आला. “सोमवारी परत बोलावलंय, फोटो दोन कमी पडले. येतोस ना? मुलांची शाळा असेल, त्यांना आणू नकोस.”

छत्री त्यांच्याच स्कूटरला राहिलीय. जावं तर लागणारच.