बिलुम, रताळी आणि आमचा वार्षिक मेळावा

क्वार्टर गेटच्या परिसरातील आमच्या मंडळीचा वार्षिक मेळावा नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि रविवारच्या हंगामाच्या उपासनेने संपतो. दिवाळी नुकतीच आटोपलेली असते, पहाटे शाल अंगावर घ्यावीशी वाटते, आणि चर्चमागच्या सभागृहात सतरंज्या झटकल्याचा आवाज ऐकू आला की मेळावा आला हे आम्हा मुलांना कोणी सांगावे लागत नसे. शनिवारी सकाळी वचनाचे पाठांतर आणि गीतस्पर्धा, दुपारी महिला मंडळाच्या हातचे जेवण, आणि दिवेलागणीनंतर मिशनची सभा असा क्रम ठरलेला होता. स्पर्धांची बक्षिसे मी विसरले आहे. मिशनच्या सभा मात्र एकेक करून आठवतात, आणि त्याचे कारण एक कुटुंब आहे.

आमच्याच मंडळीत वाढलेली, माझ्या आईची मैत्रीण असलेली एक मावशी लग्नानंतर नवऱ्यासह पापुआ न्यू गिनी या देशात गेली. काका पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत आणि मावशी साक्षरतेचे वर्ग घेत असे. तोपर्यंत मिशनरी म्हणजे बोटीतून आपल्याकडे आलेला गोरा माणूस, एवढेच आम्हाला ठाऊक होते. आमचे वृद्ध पाळकसाहेब दरवर्षी गॉर्डन हॉल यांची गोष्ट सांगत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेला तो अमेरिकन तरुण मराठी शिकला, गावोगाव फिरला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. ती गोष्ट संपली की पाळकसाहेब थोडे थांबत आणि म्हणत, "आता आपल्या मुलीचे पत्र वाचू या." त्या "आपल्या मुलीचे" या शब्दांवर आजीची, म्हणजे मावशीच्या आईची, मान किंचित ताठ होई, आणि तिच्याकडे पाहण्यासाठी आम्ही मुले मागे वळून बसत असू.

पत्रे निळ्या हवाई टपालाच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी आणि समासातसुद्धा लिहिलेली असत. त्या देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, एका डोंगराआडचे बोलणे पुष्कळदा दुसऱ्या डोंगरावर कळत नाही, म्हणून सर्वांना जोडणारी टोक पिसिन ही भाषा आधी शिकावी लागते आणि मग गावाची भाषा, हे मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या पत्रांतून शिकले. दर तीन-चार वर्षांनी कुटुंब रजेवर पुण्याला येई, आणि त्या वर्षीच्या मेळाव्यात पांढरी चादर ताणून तिच्यावर स्लाइड्स दाखवीत. डोंगराच्या उतारावर गवताची धावपट्टी होती. चढाच्या दिशेने विमान उतरते आणि उताराच्या दिशेने सुटते, हे काकांनी हाताचा तळवा तिरका धरून दाखवले होते. तापलेले दगड, केळीची पाने, रताळी आणि डुकराचे मांस खड्ड्यात रचून मातीखाली शिजवण्याच्या पद्धतीला तिथे मुमु म्हणतात. हुरड्याची आगटी पाहिलेल्या आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या चित्रापाशी किती वेळ घालवला! रताळे हे तिथल्या डोंगराळ भागाचे मुख्य अन्न आहे. मावशी त्याचा कीस करी, आणि जिरे व शेंगदाण्याचे कूट पुण्याहून गेलेल्या पार्सलमधले वापरी.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती एक संध्याकाळ, ज्या दिवशी काकांनी स्लाइड्स बाजूला ठेवून आम्हा मुलांना प्रश्न विचारला. तळ्यात वादळ उठले आहे, होडीत पाणी शिरते आहे, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे, आणि शिष्य त्याला हाक मारून उठवतात. ते काय म्हणतील, "आम्ही बुडतो आहोत" की "आपण बुडतो आहोत"? काकांनी समजावले की इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या भाषांतरकारांना हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. टोक पिसिनमध्ये मात्र ऐकणाऱ्याला वगळले तर "मिपेला" आणि त्याला धरून बोलायचे तर "युमी" असे दोन शब्द आहेत, अगदी आपल्या "आम्ही" आणि "आपण" यांच्यासारखे. गावाच्या भाषेतही तसाच भेद होता. माझ्यापेक्षा लहान असलेला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "आम्ही म्हटलं तर येशू बुडणार नाही असं त्यांना वाटतं." सभागृह एकदम शांत झाले. काकांनी त्याला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले की गावातल्या चार वृद्धांनी याच प्रश्नावर एक संपूर्ण दुपार काढली होती, आणि शेवटी "आपण" हा शब्द धरला होता, कारण त्यांच्या मते होडी एकच होती.

त्याच संध्याकाळी मावशीने पोटाची गोष्ट सांगितली. टोक पिसिनमध्ये माणसाच्या भावनांचे घर छातीत नसून पोटात असते. "बेल" म्हणजे पोट. राग आला की पोट तापते, शांती मिळाली की ते "बेल इसी" होते, आणि पश्चात्तापाला "तनिम बेल", म्हणजे पोट वळवणे, असे म्हणतात. परदेशी सहकाऱ्यांना हे नवलाचे वाटे, पण मावशीला तसे वाटले नाही. तिच्या आईने तिला लहानपणापासून पोटात माया असावी, दुसऱ्याचा अपराध पोटात घालावा, पोटतिडकीने बोलावे असेच शिकवले होते. मराठी माणसाला त्या भाषेचा उंबरठा थोडा कमी उंच लागतो, असे ती म्हणाली, आणि आपली भाषा दूरच्या डोंगरातल्या कोणाच्या तरी जवळ जाण्यासाठी उपयोगी पडते आहे या कल्पनेने मला जो आनंद झाला तो आजही ताजा आहे. पुढे मी भाषेची शिक्षिका झाले, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे.

एका वर्षी महिला मंडळाच्या अध्यक्षा असलेल्या वहिनींनी इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम केरी यांच्यावर बोलण्याचे नाकारले आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्यावर बोलायचे ठरवले. केरींचा मराठीतला नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापून निघाला हे आम्ही दरवर्षी ऐकत होतो, पण त्या घराला त्याची काय किंमत मोजावी लागली, हे कोणी सांगितले नव्हते. डोरोथी सुरुवातीला यायलाच तयार नव्हत्या. अगदी शेवटच्या क्षणी, बहीण बरोबर येणार असेल तर, या अटीवर त्या १७९३ मध्ये निघाल्या. दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, त्यांचे मन ढासळले ते सावरलेच नाही, आणि १८०७ मध्ये त्या वारल्या. वहिनी एवढेच बोलल्या आणि खाली बसल्या. माझे स्पष्ट मत आहे की आमच्या मेळाव्यात झालेल्या सर्व भाषणांत ते सर्वांत मोलाचे होते, कारण त्या वर्षापासून मंडळाने मावशीला "काम कसे चालले आहे" एवढेच विचारणे सोडले आणि "तू कशी आहेस" असे विचारायला सुरुवात केली.

त्यानंतरची मावशीची पत्रे बदलली. मुलांना शिक्षणासाठी उकारुम्पा येथील, भाषांतरकारांच्या केंद्रातल्या शाळेत ठेवून गावी परतताना विमानाच्या खिडकीतून ती वसतिगृहाचे छप्पर दिसेनासे होईपर्यंत पाहत राही, हे तिने पहिल्यांदा लिहिले. काकांना हिवतापाने दोनदा गाठले होते आणि दोन्ही वेळी निरोप फक्त रेडिओवर, ठरलेल्या वेळी देता येत होता, हेही तेव्हाच कळले. आणि मग तो मेळावा आला ज्याच्या आदल्या आठवड्यात आजी गेल्या. त्या काळी गावात टेलिफोन नव्हता. पुण्याहून निरोप आधी केंद्राला, तिथून रेडिओने गावाला असा पोचला, तोवर इथे दफन होऊन गेले होते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, तरी बातमी तिच्यापर्यंत दोन दिवस मागे राहिली. गावातल्या बायका ते ऐकून मावशीच्या घरी येऊन बसल्या आणि सबंध रात्र तिच्याबरोबर रडल्या, असे तिने लिहिले होते. ते पत्र शनिवारच्या सभेत आईने वाचले, आणि शेवटच्या ओळी तिच्याने वाचवल्या नाहीत म्हणून पाळकसाहेबांनी पूर्ण केल्या. आजींची नेहमीची जागा, तिसऱ्या रांगेतली डावीकडची, त्या संध्याकाळी कोणी घेतली नव्हती.

मेळाव्यानंतरच्या सोमवारी दौंडच्या गाडीने केडगावला जाण्याची आमची रीत होती. पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचा परिसर पाहायचा, प्रार्थना करायची आणि संध्याकाळी परत यायचे. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले, मुक्तीतल्या स्त्रियांनी ते आपल्याच छापखान्यात छापले, आणि १९२२ मध्ये रमाबाई गेल्यानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रजेवर असताना एकदा काका आमच्याबरोबर आले होते. साध्या माणसाला कळेल असा शब्द शोधण्यासाठी त्या बाईंनी किती वर्षे घातली असतील, हे शब्द शोधणाऱ्यालाच समजते, असे ते परतीच्या गाडीत म्हणाले. त्यांच्या गावच्या नव्या कराराचे काम तेव्हा अकराव्या वर्षात होते. एक उतारा भाषेत उतरवायचा, तो गावकऱ्यांना वाचून दाखवून त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावायचा, चुकला तर मोडून पुन्हा रचायचा, मग बाहेरच्या तपासनिसापुढे ठेवायचा, अशा फेऱ्या संपता संपत नाहीत. मेंढरू न पाहिलेल्या माणसांना मेंढपाळ कसा सांगायचा, याच्याच किती तरी गोष्टी त्यांच्याजवळ होत्या.

रविवारचा हंगामाचा लिलाव हा सगळ्यांच्या आवडीचा. वेदीपुढे भोपळे, उसाची मोळी, कणसे, नारळ, घरच्या कोंबडीची अंडी मांडलेली असत, आणि उपासनेनंतर अंगणात त्यांची बोली लागे. एकच नारळ विकत घेणारा पुन्हा दान करी आणि तो चार वेळा विकला जाई. जमलेल्या रकमेचा ठरावीक वाटा मावशीच्या कामाला जात असे. एका रजेत मावशीने त्या लिलावासाठी एक बिलुम आणले. बिलुम म्हणजे तिथल्या बायकांची विणलेली झोळी. झाडाच्या सालीचा धागा मांडीवर वळून, गाठ न मारता, फासात फास ओवून ते विणतात. रिकामे असताना मुठीत मावते आणि भरू लागले की पसरत जाते. पट्टा कपाळावर घेऊन बाई ते पाठीवर सोडते, आणि त्यात रताळी असतात, सरपण असते, झोपलेले बाळही असते. तपकिरी आणि जांभळ्या पट्ट्यांचे ते बिलुम मावशीने मंडईतून आणलेल्या रताळ्यांनी भरून वेदीपुढे ठेवले. बोली वाढत गेली. शेवटी ते वहिनींनी घेतले, रताळी वाटून टाकली आणि बिलुम मंडळाला परत दिले. तेव्हापासून दर हंगामाच्या उपासनेला ते रताळ्यांनी भरून भोपळ्यांच्या शेजारी ठेवले जाते. आता ती जबाबदारी माझ्याकडे आहे. एका बाजूचे चार-पाच फास उसवले होते, ते मी शिवून घेतले नाहीत, मावशीने शिकवल्याप्रमाणे ओवून घेतले.

नवा करार पूर्ण होऊन गावात पोचला तेव्हा लोकांनी खोकी खांद्यावर घेऊन गात गात धावपट्टीपासून वर नेली, त्याची छायाचित्रे आम्ही मेळाव्यात पाहिली. मावशी आणि काका आता कायमचे पुण्याला आले आहेत. गेल्या नोव्हेंबरच्या सभेत मावशी आजींच्या जागी बसली होती. गावातल्या एका शिक्षिकेने, जी मावशीच्या पहिल्या साक्षरता वर्गात सात वर्षांची मुलगी होती, आमच्या मेळाव्यासाठी फोनवर बोलून निरोप पाठवला होता. मी तो ध्वनिक्षेपकाजवळ धरला आणि मावशी एकेका वाक्याचे मराठी करू लागली. पाऊस फार झाला, दरड कोसळून दोन मळे गेले, रताळी थोडीच हाती आली, तरी हंगामाची उपासना झाली. मग त्या शिक्षिकेने प्रार्थनेची विनंती केली, आणि मावशी मध्येच थांबली. "ती युमी म्हणते आहे," असे तिने काकांकडे वळून सांगितले, आणि मग आमच्याकडे पाहून भाषांतर पूर्ण केले, "आपले मळे गेले आहेत."

दुसऱ्या दिवशीच्या लिलावात नारळ सहा वेळा विकला गेला.