हडंब्याचं मॉडेल: चाळणी आधी झाकली, मग बाहेरच काढली

ड्रम, जाळी, पंखा आणि चाळणी एवढं झालं. औसा तालुक्यातल्या ओळखीच्या नानांचा ट्रॅक्टरवर चालणारा हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, मापं घेऊन फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा करतोय, हे मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहे. नुसता सांगाडा आणि पत्रा होता तोवर काही अडचण नव्हती. चाळणी बसवली आणि मॉडेल अडकत चालायला लागलं, माउस एकीकडे, मॉडेल एकीकडे.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे नको ते पार्ट हाईड करा. ट्रीमध्ये, म्हणजे बाजूच्या पार्टच्या यादीत, पार्ट निवडायचा, स्पेसबार दाबायचा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. हाईड केलेला पार्ट पडद्यावर रेखाटला जात नाही, एवढंच. तो मेमरीत असतोच, फाईल उघडताना लोड होतो, त्याची मापं ज्यावर अवलंबून आहेत ते बदललं की रिकम्प्युटही होतो, म्हणजे नव्याने मोजला जातो, आणि त्याचे जॉइंट, म्हणजे पार्ट एकमेकांना जोडणारे सांधे, सॉल्व्हर सोडवतच बसतो. म्हणून आधी बघा, मॉडेल नेमकं कधी अडतंय. प्रेफरन्सेसमध्ये डिस्प्लेखाली सेकंदाला किती फ्रेम ते दाखवणारा काउंटर आहे, तो चालू करा. फिरवताना आकडा पडत असेल तर हाईडचा उपयोग होतो. आकडा ठीक आहे आणि माप बदललं की मिनिटभर चक्र फिरतंय, तर हजार पार्ट झाकून काही होत नाही.

माझ्याकडे दोन्ही होतं, आणि दोन्हीला कारण चाळणीच. हिशोब करून बघा. 1000 बाय 600 मिमीचा पत्रा, 10 मिमीची भोकं, 15 मिमी अंतरावर. म्हणजे 66 गुणिले 40, एकूण 2640 भोकं. गोल भोक पडद्यावर गोल नसतं, सरळ तुकड्यांचं असतं. शेजारच्या दोन तुकड्यांत जास्तीत जास्त किती कोन चालेल ते ठरवणारं फ्रीकॅडचं अँग्युलर डिफ्लेक्शन मुळात 28.5 अंश असतं, म्हणजे एका भोकाला साधारण 13 तुकडे. भोकांच्या आतल्या भिंती आणि पत्र्याच्या दोन्ही बाजू धरल्या तर एकट्या चाळणीचे दीड लाखाच्या आसपास त्रिकोण होतात. अख्ख्या सांगाड्याचे याच्या जवळपासही नाहीत.

बरेच जण इथे डिव्हिएशन, म्हणजे पडद्यावरचा आकार खऱ्यापासून किती ढळला तर चालेल ते माप, वाढवायला सांगतात. चाळणीला त्याने फरक पडत नाही. डिव्हिएशन पार्टच्या एकूण आकाराच्या प्रमाणात मोजलं जातं. एवढ्या मोठ्या पत्र्यात ते आधीच इतकं सैल असतं की छोट्या भोकाला लगाम अँग्युलर डिफ्लेक्शनचाच राहतो. ते 60 केलं की भोकं षटकोनी दिसतात आणि त्रिकोण निम्म्याच्या आसपास येतात. दिसायला भिकार, पण चालतं.

रिकम्प्युटसाठी मात्र चाळणी वेगळ्या फाईलमध्येच टाकली. मुख्य असेंब्लीत, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या फाईलमध्ये, तिची फक्त लिंक आहे, आणि ती एरवी बिनभोकाच्या साध्या पत्र्याकडे बोट दाखवते. खरी चाळणी हवी तेव्हा लिंकच्या प्रॉपर्टीत लिंक्ड ऑब्जेक्ट बदलायचा. मात्र जॉइंट भोकाच्या कडेला किंवा पत्र्याच्या फेसला लावू नका, अदलाबदलीत तुटतात. दोन्हीकडे एकाच जागी लोकल कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे पार्टचा स्वतःचा मूळबिंदू आणि अक्ष, ठेवून तिलाच जॉइंट लावा.

बेअरिंगचंही तसंच. नेटवरून उतरवून घेतलेल्या स्टेप फाईलमध्ये (तयार थ्रीडी मॉडेलची फाईल) आतल्या गोळ्यांपासून ग्रीस निपलपर्यंत सगळं येतं. हाउसिंगच्या आड गोळ्या दिसत नाहीत, तरी प्रत्येक फ्रेमला रेखाटल्या जातातच. त्या सरळ उडवल्या. बोल्टला खरे आटे नाहीत, आणि एकाच बोल्टच्या लिंका सगळीकडे.

आता झाकण्याची पद्धत. साध्या ग्रुपमध्ये पार्ट टाकून ग्रुप हाईड केला की आतल्या प्रत्येकाची अवस्था बदलते. परत दाखवला की तुम्ही मुद्दाम झाकलेलेही उघडे पडतात. पार्ट कंटेनर तसं करत नाही. तो आपण झाकला जातो, आतलं जसं होतं तसं राहतं. म्हणून बाहेरचा पत्रा, चालना म्हणजे पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा)-पुली-बेल्ट, आणि सफाई म्हणजे पंखा-चाळणी, असे तीन कंटेनर केले. मशीनची हीच विभागणी दुरुस्तीलाही सोयीची पडते.

पत्रा पारदर्शक करून आत बघायची हौस असेल तर स्क्रीनशॉटपुरती ठेवा. पारदर्शक पत्राही रेखाटावा लागतो आणि त्यामागचं सगळंही, वर त्यांचा क्रम लावावा लागतो. झाकलेला पत्रा त्याहून स्वस्त.

परवा लॅपटॉप घेऊन नानांकडे गेलो. मॉडेल फिरवून दाखवलं, पण रंगबिंग त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, "वरला पत्रा काढ की. ड्रम अन् जाळीमधी किती जागा हाय ते दिसू दे." स्पेसबार दाबला, पत्रा गेला. मग त्यांनी जाळीचं एक टोक दाखवून सांगितलं, की सोयाबीन ओलसर असलं की गुळी (भुसकट) इथंच तुंबते, रास (मळणी) अर्ध्यात थांबवावी लागते.

म्हणून पुढच्या नोंदीत जाळीची ती बाजू. ड्रमपासूनचं अंतर पुढेमागे करता येईल अशी पट्टी काढतोय. तिथे डिस्टन्स जॉइंट बरा की स्लायडर, यावर कुणी हात चालवला असेल तर सांगा.