सरांनी विचारलेला एक प्रश्न

आठवीत मी आपल्या शाळेत आलो, तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचो. उंची भरपूर, पण पाय माझं ऐकत नसत. खो-खोत तर मी लगेच बाद व्हायचो. पी.टी.च्या सरांनी मला कबड्डीत आणलं आणि डावा कोपरारक्षक केलं. "हात लांब आहेत तुझे, पकडीला उपयोगी पडतील," एवढंच ते म्हणाले. शरीराची लाज वाटणं त्या दिवसापासून थांबलं.

२००६ साली नोकरीनिमित्त बॉस्टनला आलो. त्याच वर्षी ओटावाचा संघ सोडून झ्देनो खारा इथल्या बॉस्टन ब्रुइन्स या आईस हॉकी संघाचा कर्णधार झाला. उंची ६ फूट ९ इंच! अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या लीगमध्ये तोवर इतका उंच माणूस कधी खेळला नव्हता. आईस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हा बचावपटू लांब स्टिक पसरून वाट अडवायचा, ते बघताच मला कोपरारक्षकच आठवला.

खारा स्लोव्हाकियातल्या ट्रेंचिनचा. लहानपणी प्रशिक्षक त्याला सांगत, तू हॉकीसाठी फार उंच आहेस, बास्केटबॉल खेळ. १९९६ला एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्क आयलंडर्स संघाने त्याला घेतलं, तेही ५६व्या क्रमांकावर. पुढे २००९मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी, २०११मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. बॉस्टनला तो कप ३९ वर्षांनी मिळाला होता. मिरवणुकीत मुलीला खांद्यावर घेऊन मी उभा होतो. २०१२ साली त्याने मारलेला फटका ताशी १०८.८ मैल मोजला गेला. संघात नव्याने आलेल्यांना 'रूकी' म्हणून कमी लेखणं त्याला मुळीच खपत नसे, हे मला त्याच्या फटक्याहून मोठं वाटतं.

जून २०१९मध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात पक (खेळातली कडक रबरी चकती) तोंडावर बसून त्याचा जबडा मोडला. तिसऱ्या दिवशी पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून तो पुन्हा रिंकवर! नाव पुकारलं तसं अख्खं स्टेडियम उभं राहिलं. घरी टीव्हीसमोर मीही उठून उभा राहिलो. ब्रुइन्स तो सामना हरले, पुढे कपही गेला. पण ते उभं राहणं माझ्या मनातून गेलेलं नाही.

२०२२मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. तेव्हा १,६८० सामने त्याच्या नावावर होते. तोवर एनएचएलमध्ये दुसरा कुठलाही बचावपटू इतके खेळला नव्हता. मी सरांना फोन केला आणि हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, पण त्याला तयार कोणी केलं?"

"वडिलांनी, सर. ते पैलवान. १९७६च्या ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून ग्रीको-रोमन कुस्ती खेळले होते."

"मग बरोबर आहे," सर म्हणाले.

— एक माजी विद्यार्थी, बॉस्टन