शुक्रवारचे चार अंश

फ्रिजच्या दारावर झळकणाऱ्या आकड्यावर मी विसंबत नाही. तो आतल्या हवेचा असतो, अन्नाचा नसतो. दुधाच्या दोन पिशव्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये थर्मामीटरचा प्रोब सरकवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. त्याआधी बर्फाच्या पाण्यात प्रोब शून्य दाखवतोय ना, हे बघून घ्यायचं. मगच अन्न पाच अंशांच्या आत आहे की बाहेर, यावर बोलायचं.

मी हायजीन रेटिंगचं, म्हणजे हॉटेलं-खानावळींना स्वच्छतेचे गुण देण्याचं, ऑडिट करते. लोकांना हा छापा वाटतो. छापा घालायचा अधिकार एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला. तो नमुने घेतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस त्याच्या वरचा पदनिर्देशित अधिकारी देतो. आम्ही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मान्यता असलेल्या खासगी संस्थेची माणसं. योजना ऐच्छिक आहे. मालक स्वतः अर्ज करतो, आधी स्वतःच प्रश्नांची यादी भरतो आणि फीही तोच देतो. प्रश्न शेड्यूल 4 वर, म्हणजे त्याच कायद्याखालच्या स्वच्छतेच्या नियमांवर, बेतलेले असतात. गुणांची बेरीज होते आणि एक ते पाचमधलं रेटिंग मिळतं.

त्या दिवशी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एकाच रस्त्यावरची दोन स्वयंपाकघरं होती. सकाळी रेस्टॉरंट. स्टीलचे ओटे लखलखीत, शाकाहारी-मांसाहारीचे चॉपिंग बोर्ड वेगळ्या रंगांचे, पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, टायफॉइडच्या लशीच्या नोंदी, फॉस्टॅक या अन्न सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. तापमानाच्या रजिस्टरमध्ये सकाळ-संध्याकाळ चार अंश. महिनाभर चार. शुक्रवारीही चार.

मी तिथेच जवळ किसननगरला राहते. त्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत या सगळ्या भागात वीज नव्हती. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, जनरेटर आहे. कशाकशाला जोडलाय, ते बघितलं: दिवे, एसी, एक्झॉस्ट. मग डीप फ्रीझर रिकामा करायला लावला. तळाशी गुलाबी बर्फाचा थर होता आणि खालची चिकनची पाकिटं त्यात रुतून एकसंध लादी झाली होती. चिकन वितळलं, त्याचं पाणी खाली उतरलं आणि वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठलं. रजिस्टर काहीही सांगो, बर्फ खोटं बोलत नाही. ती पाकिटं माझ्यासमोर फेकायला लावली. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, रजिस्टर ऑडिटसाठीच असतं ना!" मला चीड आली ती त्याच्या शांतपणाची.

दुपारी कारखान्यांना डबे पुरवणारी एका काकूंची खानावळ. त्यांच्याकडे रजिस्टर म्हणजे शाळेची वही. फ्रिजमध्ये पाण्याचा पेला, त्यात साधा थर्मामीटर. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. शुक्रवारच्या ओळीत सकाळी 4, दुपारी 11. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: "लाईट नाही. पनीर टाकलं. कोशिंबीर बंद. फ्रिज उघडायचा नाही."

मी ती ओळ वाचतेय हे बघून काकू घाबरल्या. "ताई, ते पान फाडू का? अर्ज भरून देणारे सर म्हणाले होते, पाचच्या वरचा आकडा दिसला की गुण कापतात."

असले सल्लागार आमच्या क्षेत्राची वाळवी आहेत. वीज जाणं कुणाच्याच हातात नसतं. गेल्यावर काय केलं हे तपासायचं असतं, आणि काकूंनी ते चार शब्दांत लिहून ठेवलं होतं. तापमानाच्या नोंदीचे आणि दुरुस्तीच्या कृतीचे पूर्ण गुण मी त्यांना दिले. रेस्टॉरंटला त्याच प्रश्नांना शून्य.

आमच्या तपासणी कक्षातून लगेच फोन आला. नोंदीत अकरा अंश असताना पूर्ण गुण कसे? मी वहीच्या पानाचा आणि त्या गुलाबी बर्फाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून उत्तर पाठवलं. गुण टिकले.

पण बेरीज झाली आणि दोघांनाही चारच मिळाले. रेस्टॉरंटला फरशी, नळ, कागदपत्रं यांनी तारलं. काकूंचे गुण पेस्ट कंट्रोलचा करार नाही, दोन बायकांची वैद्यकीय तपासणी राहिलेली, प्रशिक्षित सुपरवायझर नाही, यात गेले. हे गुण जायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडे तेच रेटिंग दिसणार आणि विजेविना गेलेल्या त्या शुक्रवारी कुठलं जेवण सुरक्षित होतं, हे त्याला कधीच कळणार नाही. माझ्या डोक्यातून हे जात नाही.

परवा काकूंचा फोन आला. पुढच्या वेळी पाच हवेत, काय करू? कामगारांची तपासणी, करार, फॉस्टॅकचा वर्ग, सगळं सांगितलं. वही आहे तशी चालू ठेवा, म्हटलं.

"ती बंद केली हो. सरांनी छापील रजिस्टर दिलंय. त्यात शेऱ्याला जागाच नाही."

पानाच्या मागच्या बाजूला लिहा, म्हटलं. पेन्सिलीने नको, पेनाने.