सहाव्या पायरीवरच्या चपला

६ जुलै २०२५, रविवार

आज आषाढी. साबुदाणा आणि दाण्याचं कूट वेंगुर्ल्याहून बॅगेतून आणलं होतं, त्यामुळे उपासाची सोय झाली. मिरच्या मात्र नोआयच्या बाजारातल्या. दिसायला लवंगी, चवीला ढोबळी.

खिचडी खाऊन आम्ही दोघं जुन्या बंदरावर गेलो. लेकीला सुट्टी होती, तिला झोपू दिलं. शाळेच्या पुस्तकात आम्ही फ्रान्समधल्या या गावाला मार्सेलिस म्हणायचो. ती म्हणते, आई, मार्सेय म्हण, नाहीतर बसवाल्याला कळायचं नाही.

धक्क्यावर सकाळी मासळी लागते. चारदोन टेबलं, त्यावर फिकट निळे पसरट ट्रे, ट्रेमध्ये थोडं पाणी आणि त्यात अजून वळवळणारे मासे. एकादशीला मासळीबाजारात येणारी मीच! पण नुसतं बघायला पाप नसावं. घरी ३१ जुलैपर्यंत बंदी, होड्या शाकारून ठेवलेल्या, आणि इथे भर जुलैत ताजी मासळी, हेच डोळ्यांना पटत नव्हतं. एक लालसर, काटेरी, तोंड वाकडं केलेला मासा होता, रास्कास. बुयाबेस या इथल्या नावाजलेल्या कालवणात तो लागतोच. मुळात कोळ्यांनी न खपलेली काटेरी मासळी घरी उकळायची, तेच हे कालवण. आता हॉटेलाबाहेर त्याचा दर वाचूनच आमचं पोट भरलं.

ह्यांच्याकडे यादी होती. किल्ला, म्युझियम, बेट, दुसरं म्युझियम. मी म्हटलं, तुम्ही जा, मी त्या बाकावर बसते. इथे कॉर्निश म्हणून समुद्राला धरून रस्ता आहे, ८३ नंबरची बस जाते, आणि त्याच्या कठड्यालाच सिमेंटचा बाक केलाय. कोपऱ्यात संपेल म्हणून बघावं, तर वळणापलीकडेही तोच. ह्यांनी यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि शेजारी बसले.

मग एका ठिकाणी पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले. उतरताना मी सवयीने चपला वर, सहाव्या पायरीवर काढल्या. पोहायला आलेल्या एक आजी (माझ्याहून मोठ्या, अंगात फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख) चपलांकडे बघत राहिल्या आणि काहीतरी विचारलं. मी हाताने दाखवलं, पाणी वर येईल. त्यांनी मान हलवली, कमरेवर हात ठेवले आणि हसल्या. पाणी कुठे वर येणार?

तेव्हा नीट पाहिलं. आमच्या धक्क्याच्या भिंतीवर भरतीची खूण पुरुषभर उंच असते. खाली शेवाळ, मग कालवं, मग कोरडा दगड. इथे शेवाळाची पट्टी वीतभर. सकाळी ती जिथे ओली होती, तिथेच दुपारी ओली.

रात्री सव्वानऊला सूर्य बुडाला. तिन्हीसांजेचा दिवा लावायचा कधी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

७ जुलै, सोमवार

द्वादशीचं पारणं पानीसवर सोडलं.

जुन्या बंदरावरून उन्हाळ्यात लेस्ताकला होडी सुटते. लेस्ताक हे शहराच्या वायव्य टोकाचं कोळ्यांचं गाव, आता शहरातच मोडतं. सेझानने आणि ब्राकने इथली चित्रं काढली. आम्हाला मात्र टपरीशी मतलब. पानीस म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून घोटून घट्ट करायचं, थापायचं किंवा गोल लांबट वळकटी करायची, थंड झाल्यावर चकत्या करून तळायच्या. अहो, ही तर पाटवडी! फक्त हिंग नाही, मोहरी नाही, वर खोबरं-कोथिंबीर नाही, नुसतं मीठ-मिरपूड. बाहेरून कडक, आत लुसलुशीत. मी पहिली चकती खाल्ली आणि आईची पाटवडीची परात आठवली, तिच्या कडेला राहिलेली खरवड आठवली. टपरीवालीला सांगावंसं वाटलं, बाई, फोडणी दे याला. भाषा येत नाही म्हणून तिची सुटका झाली.

८ जुलै, मंगळवार

आज ह्यांच्या यादीतलं एकच काम मी मनापासून मान्य केलं होतं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीवरून याच शहराच्या बंदरात उडी मारली. पोहून काठ गाठला, पण पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. त्याच तारखेला आपण इथे आहोत, तर मोठ्या बोटींच्या बंदराकडे जाऊन निदान ते पाणी तरी बघू, असं ठरलं होतं.

गेलो नाही. दुपारी उत्तरेकडे वणवा पेटला. वारा होता मिस्त्राल. इथला हा वायव्येचा कोरडा वारा, सुटला की खिडक्या आपटायला लागतात. बघता बघता जुन्या बंदरावरचं आभाळ पिवळट-तपकिरी झालं, ऊन तांब्यासारखं दिसायला लागलं. विमानतळ बंद झाला. लेकीने ऑफिसातून फोन केला: आई, दारं-खिडक्या लाव, बाहेर पडू नका. टीव्हीवर नकाशा दाखवत होते. भाषा कळत नव्हती, पण त्यात लेस्ताक हे नाव वाचता येत होतं. कालची टपरी. कालची ती बाई.

रात्री गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं. काळं झालं.

९ जुलै, बुधवार

वारा पडला. धुराचा वास पडद्यांना अजून आहे.

डोंगरावरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चमध्ये गेलो. लोक तिथल्या मेरीमातेला बोन मेर म्हणतात, म्हणजे मायाळू आई. आत छतापासून दोऱ्यांनी लहान लहान जहाजं टांगलेली, भिंतीवर संगमरवरी पाट्या, बहुतेकींवर नुसतं ‘मेर्सी’, म्हणजे आभार. वादळातून वाचलेल्यांचे नवस. हे सांगायला कोकणातल्या बाईला दुभाषा लागत नाही. एका पाटीवर फक्त तारीख होती, नाव नाही. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. हे तोवर बाहेर उभे राहून उत्तरेचे काळे पडलेले डोंगर बघत होते.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. सकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, “बाय, हंय दर्या खवळलो आसा.” लाटांचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगायचे, घड्याळ नंतर बघायचे. पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि तीही उधाणाची.

आज लेकीने अर्धी रजा घेतली आणि कॉर्निशवरच एक लहानशी इमारत दाखवली. पाण्याला लागून, दार बंद. समुद्राची पातळी मोजायचं यंत्र आहे आत. १८८५ ते १८९७ अशी बारा वर्षं इथे पाणी मोजून त्यांनी सरासरी काढली आणि फ्रान्सच्या उंचीचा शून्य ठरवला. माँ ब्लाँ शिखर किती उंच, तर इथून. भूमध्य समुद्र महासागराशी जोडलाय तो जिब्राल्टरपाशी, अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंदीने. एवढ्या फटीतून बाहेरची भरती आत येणार किती? म्हणून इथलं पाणी मोजायला शहाणं. मुंबईत जुलैमध्ये साडेचार मीटरच्या भरतीची वेळापत्रकं पेपरात छापतात, तिथे बिचाऱ्या शून्याचं काय झालं असतं, असं मी म्हटलं. लेक म्हणाली, आई, तिथेही सरासरीच काढतात. बरं.

तिथून खाली वालाँ देझोफमध्ये उतरलो. पुलाखाली लपलेलं होड्यांचं छोटं बंदर. ऑफ म्हणजे एक चिवट गवत, त्याचे दोर आणि जाळी इथे वळायचे. आपल्या काथ्याचा लांबचा भाऊ. होड्या रंगवलेल्या, दोन्ही टोकं निमुळती, आणि कुठलीही दोरी ढिली सोडलेली नाही. आमच्याकडे पाणी उतरलं की होडी चिखलात कलंडते, म्हणून दोरीला झोल ठेवावा लागतो. इथे होडी जिथे बांधली तिथेच दिवसभर. ह्यांनी खिशातून यादी काढली, वाचली नाही, तिच्याने वारा घेतला.

पाय सोडायला मी पायरीवर बसले आणि आज मुद्दाम चपला पाण्यालगतच्या पायरीवर काढल्या. पहिल्यांदाच. पाच मिनिटं शांत गेली. मग बंदरातून एक मोटरबोट जोरात बाहेर पडली, तिच्यामागून लाट आली आणि डावी चपल घेऊन गेली. ह्यांनी छत्रीच्या मुठीने ओढून काढली. रात्री ती गॅलरीत वाळत घातली, काळ्या कठड्याला न टेकवता.